गहू, दूध आणि स्वमग्न मूल

स्वमग्न मुलांच्या आहारातून गहू आणि दूध वगळण्याच्या सल्ल्यामागे जुना तर्क आहे. मॉर्फिन दिलेली प्राण्यांची पिल्ले आईपासून दुरावली तरी फारशी रडत नाहीत. यावरून १९७९ मध्ये जाक पँकसेप यांनी मांडले की, स्वमग्नतेतील अलिप्ततेमागेही मेंदूतल्या अफूसदृश रसायनांचा अतिरेक असावा. नॉर्वेच्या कार्ल राइकेल्ट यांनी त्याला आहाराची जोड दिली. गव्हातले ग्लुटेन आणि दुधातले केसीन अर्धवट पचले, की पेप्टाइड नावाचे तुकडे उरतात. त्यांतले काही अफूसारखा परिणाम करू शकतात. ते आतड्यातून झिरपून मेंदूपर्यंत पोहोचतात, अशी ही कल्पना.

ते रक्तात जात असतील, तर लघवीत सापडायला हवेत. २००८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ६५ स्वमग्न मुलग्यांची लघवी १५८ इतर मुलग्यांच्या लघवीशी ताडून पाहिली. असे पेप्टाइड आढळले नाहीत.

तरीही अनेक पालक पथ्याने फरक पडल्याचे सांगतात, आणि त्यांचे निरीक्षण तुच्छ मानता येत नाही. मात्र पथ्य चालू आहे हे ठाऊक असले, की प्रत्येक चांगल्या दिवसाचे श्रेय त्यालाच जाते. म्हणून अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मोलाचा. तीन ते पाच वर्षांच्या १४ मुलांना आधी काटेकोर पथ्यावर ठेवले. मग १२ आठवडे अधूनमधून खाऊतून कधी ग्लुटेन, कधी केसीन, कधी दोन्ही, तर कधी यांपैकी काहीच नाही, असे दिले. कोणत्या खाऊत काय आहे, हे पालकांनाही माहीत नव्हते आणि निरीक्षकांनाही. वागणूक, झोप, शौच, कशातही लक्षणीय फरक दिसला नाही. मुले थोडी होती, हे खरे; पण मोठा परिणाम असता तर तो असा लपला नसता.

पथ्य निरुपद्रवी नसते, ही गोष्ट मात्र फार कमी बोलली जाते. स्वमग्न मुले आधीच मोजकेच पदार्थ खातात. त्यातून दूध, दही, ताक गेले की कॅल्शियम घटते. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात स्वमग्न मुलग्यांची हाडे अपेक्षेपेक्षा पातळ आढळली, आणि दूध वर्ज्य असलेल्यांची अधिकच.

सीलिअ‍ॅक आजार (ज्यात ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते) किंवा दुधाची अ‍ॅलर्जी तपासणीत निघाली, तर पथ्य आवश्यकच असते. सीलिअ‍ॅकच्या रक्तचाचणीआधी मात्र गहू बंद करू नये, नाहीतर निदान चुकू शकते. पुढे ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी गव्हाची उणीव भरून काढते. नाचणीतून कॅल्शियमही मिळते. फोडणीच्या डब्यातला हिंग तेवढा पाहून घ्यावा लागतो, कारण बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते.