न पाहिलेले गणित

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांना हिशेब काही नवा नाही. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा लेख कोरलेला आहे. यज्ञात किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, ते आकडे त्यात आहेत. त्याला सुमारे दोन हजार वर्षे झाली. आजही नारायणगावला टोमॅटो नेणारा शेतकरी गाडीभाडे वजा जाता हातात काय उरेल, ते तोंडी सांगतो.

अशाच घरांतली मुले नववी-दहावीत गणिताला भितात. वहीतले गणित भराभर करतात. न पाहिलेले गणित आले, की पेन खाली ठेवतात. "हे आम्हांला शिकवलंच नाही," म्हणतात. गणितात नापास झाली म्हणून शाळा सुटलेली मुले-मुली आम्ही पुष्कळ पाहिली. म्हणून हा विषय घरोघरी समजला पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. कबड्डीचे १० संघ आले. ओतूर, मंचर, घोडेगाव, असे दहा गावांचे. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी एकदाच खेळणार. तर एकूण सामने किती?

घाईचे मूल प्रश्न वाचत नाही, आकडे शोधते. दहा दाहे शंभर म्हणून मोकळे होते. पण संघ स्वतःशीच कसा खेळेल? दुसरे मूल म्हणते, दहा नवे नव्वद. तेही चुकले. ओतूर-मंचर आणि मंचर-ओतूर हा सामना एकच. त्याने तो दोनदा मोजला.

मग करावे काय? गणित लहान करून पाहावे. दोनच संघ असते, तर सामना १. तिसरा आला, तो आधीच्या दोघांशी खेळणार, झाले ३. चौथा आला, आणखी ३ वाढले, झाले ६. पाचवा आला, झाले १०. असे दहाव्या संघापर्यंत जा. उत्तर येते ४५. आता ताळा पाहा. नव्वदचे निम्मे ४५च! दोन वाटांनी एकच उत्तर आले, म्हणजे भरवसा धरायला हरकत नाही.

हंगेरीत जन्मलेले मोठे गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली यावर पुस्तकच लिहिले. त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या: आधी प्रश्न समजून घ्या, मग वाट ठरवा, त्या वाटेने जा, आणि शेवटी मागे वळून उत्तर तपासा.

आईबापांना गणित आलेच पाहिजे, असे नाही बरे का! मूल अडले, की शेजारी बसा आणि विचारा, "विचारलंय काय, ते तुझ्या शब्दांत सांग. दिलंय काय? चित्र काढता येईल का? आकडे लहान असते, तर काय केलं असतंस?" एवढे विचारायला दहावी पास व्हावे लागत नाही. उत्तर सांगण्याची घाई मात्र करू नका. मुलाला थोडे अडू द्या. अडल्यावर वाट शोधायची सवय लागली, की न पाहिलेल्या गणिताची भीती कमी होते.