पहिल्या सेकंदाचा भार

जनरेटर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दुकानात शिरता शिरता विचारतं, ‘‘दोन केव्हीएचा केवढ्याला?’’ मुरलेला दुकानदार किमतीकडे वळतच नाही. तो उलट विचारतो, ‘‘पंप आहे का घरी?’’ या एका प्रश्नात अर्धा जनरेटर निवडून होतो. उरलेला अर्धा ठरतो तो उचलणार कोण, ठेवणार कुठे आणि बिघडला तर हात काळे करणार कोण, यावरून.

हातानं उचलून नेता येईल असं वीजयंत्र आपल्याकडे तसं अलीकडचं. तमाशाचे फड आणि जत्रांमधल्या तंबूतल्या टॉकीज फिरत, तेव्हा त्यांच्याबरोबर ट्रकवर चढवलेलं डिझेल इंजिन आणि त्याला जोडलेला डायनॅमो असे. ते सांभाळायला वेगळा माणूस असे आणि खेळ रंगणार की नाही हे बरंचसं त्याच्या हातात असे. होंडानं जपानमध्ये १९६५ साली ‘ई ३००’ हा छोटा जनरेटर बाजारात आणला. आपल्याकडे हे लोण यायला आणखी वीस वर्षं गेली. १९८५ मध्ये श्रीराम-होंडा ही भागीदारी झाली आणि तराईतल्या रुद्रपूरला छोट्या जनरेटरचा कारखाना उभा राहिला. पुढे बिर्ला-यामाहाही याच बाजारात उतरली. दुकानांच्या पायरीवर साखळीनं बांधून ठेवलेली, रॉकेलच्या वासाची ती लाल-निळी यंत्रं ज्यांनी पाहिलीत, त्यांना वेगळं सांगायला नको.

रॉकेलवरचा सेट चालू करायची एक रीत होती. टाक्या दोन, पेट्रोलची धाकटी आणि रॉकेलची थोरली. कॉक पेट्रोलवर आणायचा, चोक ओढायचा, एक पाय फ्रेमवर रोवायचा. दोरी आधी सावकाश ओढायची, आत दाब लागला की परत जाऊ द्यायची आणि मग एका दमात खेचायची. इंजिन तापलं की कॉक रॉकेलवर. धुराचा रंग बदले, वासही बदले. बंद करतानाची खुबी मात्र बरेचजण विसरत. थांबवण्याआधी कॉक पुन्हा पेट्रोलवर आणून कार्बोरेटरच्या वाटीतलं रॉकेल संपवून टाकायचं. ते राहून गेलं, तर दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात रॉकेल काही पेट घेत नसे आणि दोरी ओढून ओढून खांदा निघे. रेशनचं निळं रॉकेल कुणाच्या चुलीऐवजी कुणाच्या जनरेटरमध्ये जातं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असे. त्यावर बोलायचं नाही, हेही ठाऊक असे.

या यंत्राचे खरे सुगीचे दिवस आणले भारनियमनानं. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, मागणी वाढत राहिली, आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसणं अंगवळणी पडलं. झेरॉक्सवाला, दंतवैद्य, पिठाची गिरणी, मेडिकल स्टोअर, सगळ्यांच्या दारात धडधड सुरू झाली. पुण्यानं २००६ मध्ये वेगळीच वाट काढली. शहराला कमी पडणारी वीज भरून निघावी म्हणून कारखान्यांनी आपले डिझेल जनरेटर चालवायचे आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी बिलातून वाटून घ्यायचा. हे ‘पुणे मॉडेल’ म्हणून गाजलं. कारखान्याचा मोठा सेट अख्ख्या शहराला हात देऊ शकतो. पायरीवरचा छोटा सेट मात्र मालकाच्या दुकानापलीकडे कुणाच्या उपयोगाचा नाही, आणि त्याचा हिशोब मालकानंच करायचा असतो.

तो हिशोब बहुतेकजण चुकीच्या जागी करतात. बल्ब, पंखे, टीव्ही, फ्रिज यांचे वॉट लिहून बेरीज केली की काम झालं, असं वाटतं. चार पंख्यांचे तीनशे, दहा एलईडी दिव्यांचे नव्वद, टीव्हीचे शंभर, फ्रिजचे दीडशे धरले तर साडेसहाशेच्या आसपास आकडा येतो, आणि एक केव्हीएचा सेट त्याला पुरेल असं कागद सांगतो. यात अर्ध्या हॉर्सपॉवरचा पाण्याचा पंप मिळवला, तर चालू असताना तो आणखी पाच-सहाशे वॉट घेईल. म्हणजे दीड केव्हीए. सगळं खरं, पण पंप चालू झाल्यानंतरचं.

मोटर उभी असते तेव्हा तिला गती द्यायला नेहमीच्या पाच-सहा पट करंट लागतो. हा झटका जेमतेम सेकंदभराचा. महावितरणच्या लाइनवर त्याचा पत्ताही लागत नाही, फार तर दिवा पापणी लवल्यासारखा मिणमिणतो. छोट्या जनरेटरवर मात्र त्याच सेकंदात सगळा निकाल लागतो. झटका आला की इंजिन दबतं, व्होल्टेज पडतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे व्होल्टेज तीस टक्के पडलं तर जोर निम्म्यावर येतो. मग पंप फिरतच नाही, नुसता गुणगुणत उभा राहतो, आणि उभ्या मोटरचा करंट तसाच चढलेला राहतो. वेळीच बंद केला नाही तर पंपाचं वाइंडिंग जळतं किंवा जनरेटरचं व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर उडतो. कधी दोन्ही. म्हणून त्या घराला अडीच केव्हीए लागतो. बोअरवेलमध्ये एक हॉर्सपॉवरचा सबमर्सिबल असेल, तर साडेतीन-चारच्या खाली बघूच नये. ज्याच्याकडे आधीच छोटा सेट आहे त्यानं निदान क्रम सांभाळावा. आधी पंप, तो फिरायला लागला की फ्रिज, मग बाकीचं. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. दिवे-पंखे लागून सगळे निवांत झाले की कुणालातरी टाकी आठवते.

खोक्यावरचा मोठा आकडाही नीट वाचायला हवा. ठळक छापलेला असतो तो ‘मॅक्सिमम’, म्हणजे थोडा वेळ पेलेल तो भार. तासन् तास पेलेल तो ‘रेटेड’, आणि तो बारीक अक्षरात असतो. दोन केव्हीएच्या एका नावाजलेल्या सेटचं रेटिंग १.६ आहे. समुद्रसपाटीपासून जसं वर जावं तशी हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम कमी होतो, दर तीनशे मीटरला साधारण साडेतीन टक्के. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. तिथं नेलेल्या सेटचा सहावा-सातवा हिस्सा घाट चढतानाच खर्ची पडलेला असतो. पाचगणीच्या शाळेच्या मैदानावर साउंड लावणाऱ्यांना हे न शिकवता कळतं.

साध्या सेटमध्ये इंजिनाला मिनिटाला तीन हजार फेऱ्या माराव्याच लागतात, कारण पन्नास हर्ट्झची वीज दोन पोलांच्या अल्टरनेटरमधून तेव्हाच निघते. एक दिवा लावा नाहीतर पूर्ण घर, फेऱ्या तेवढ्याच आणि आवाजही जवळपास तेवढाच. इन्व्हर्टर जनरेटरनं हे बंधन तोडलं. त्यात इंजिन अनेक पोलांचा अल्टरनेटर फिरवतं, निघालेल्या विजेची आधी डीसी होते, आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिची स्वच्छ पन्नास हर्ट्झची साइन वेव्ह बनवतं. त्यामुळे भार कमी असला की इंजिन सावकाश फिरू शकतं, पेट्रोल वाचतं, आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं. दोन केव्हीएचा असा सेट एकवीस किलोच्या आसपास भरतो. साधा याच्या दुप्पट. किंमत मात्र साध्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि सर्किट गेलं तर गावातला मेकॅनिक हात टेकतो.

हा जादा पैसा कुणी मोजावा? ज्याच्या कामात आवाज आणि विजेची शुद्धता यांना दाम आहे त्यानं. साइटवर जागेवरच आवाज मुद्रित करणारा, कीर्तन-व्याख्यानाचं रेकॉर्डिंग करणारा, गावोगाव शिबिरात डोळे तपासणारा. साध्या सेटच्या खडबडीत विजेवर ॲम्प्लिफायर घरघरतो आणि काही यूपीएस तर ती वीज ओळखतच नाहीत, मेन्स आली असं मानायला तयार होत नाहीत. मार्बल कटर चालवणाऱ्याला यातलं काहीही नको. तीन केव्हीएचा दणकट साधा सेट, चाकं लावलेली फ्रेम आणि तालुक्याला स्पेअर मिळणारं इंजिन, एवढं त्याला पुरे. साइटवर ग्रिल जोडणाऱ्या वेल्डरला अडीच मिलिमीटरचा रॉड चालवायचा तरी पाच केव्हीए लागतो, आणि मग ते यंत्र एकट्यानं उचलायचं राहत नाही. टेम्पो आणि मदतनीस दोन्ही हिशोबात धरावे लागतात. वरातीत बँडच्या मागे हातगाडीवरून ढकलत नेतात त्या जनरेटरचं तंत्र आणखी निराळं. त्याला दिवेच ओढायचे असतात, मोटर एकही नाही, त्यामुळे तो आपल्या आकड्याच्या काठोकाठ चालतो आणि बिचारा तरतोही.

आवाजाबाबत सरकारनं मर्यादा घातली आहे. पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणाऱ्या छोट्या सेटची ध्वनिशक्ती सप्टेंबर २००३ पासून ८६ डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. नेटवरून मागवलेल्या अगदी स्वस्त यंत्रांवर यासंबंधीचं लेबल असतंच असं नाही. घेण्याआधी ते शोधावं. सोसायटीच्या सचिवांशी भांडायची वेळ आली, तर तेवढाच आधार.

आता पेट्रोल. लहान इंजिन एक लिटर जाळून दीड ते दोन युनिट वीज देतं, तीही बऱ्यापैकी भारावर. पेट्रोल शंभराच्या पुढे गेलं तेव्हापासून ही वीज युनिटला पन्नास ते सत्तर रुपयांना पडते. मग कुणी त्यावर गिझर लावतो, तेव्हा त्याच्या आंघोळीचा हिशोब करावासा वाटतो. म्हणूनच माझं स्पष्ट मत असं, की शहरातल्या ज्या फ्लॅटमध्ये वीज महिन्यातून दोनदा तासभर जाते, तिथं जनरेटरचं काम नाही. १५० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. त्यातलं एक-सव्वा युनिट सहज हाती येतं, आणि दिवे-पंख्यांची संध्याकाळ त्यात पार पडते, तीही आवाज-धुराशिवाय. भाजीबाजारातल्या हातगाड्यांनी एलईडी आणि बॅटरी पत्करली ती याच गणितानं. जनरेटर लागतो तो जिथं वीज तासांनी नाही, दिवसांनी येते तिथं, किंवा जिथं मोटर थांबून चालतच नाही तिथं. पोल्ट्रीचे पंखे बंद पडले तर ऐन उन्हाळ्यात बघता बघता कोंबड्या माना टाकतात. गोठ्यात दूध काढायचं मशीन थांबलं, तर म्हशी काही वेळापत्रक बदलत नाहीत.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. इन्व्हर्टरची बॅटरी पहिल्या रात्रीच संपलेली. विहिरीत पाणी आहे पण पंप मुका, अशा वेळी ज्याच्याकडे तीन केव्हीएचा सेट आणि दोन कॅन पेट्रोल, त्याच्या अंगणात वाडी जमते.

अशाच दिवसांत घाईनं एक जीवघेणी जुगाड केली जाते. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करायची, एक टोक जनरेटरला आणि दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये. घर उजळतं खरं, पण मेन स्विच चालू राहिला तर तीच वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते, ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचते आणि तिथं २३० व्होल्टची ११ हजार होऊन लाइनवर चढते. खांबावर वायरमन ‘लाइन बंद आहे’ या भरवशावर तारेला हात घालत असतो. चेंजओव्हर स्विच बसवून घ्यायला येणारा खर्च जनरेटरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तो नसेल तर सरळ एक्स्टेंशन बोर्ड ओढावा, घराच्या वायरिंगला हात लावू नये. धुराचंही तेच. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. पाऊस आहे म्हणून पडवीत, चोरीला जाईल म्हणून बंद गॅरेजमध्ये सेट चालवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या दर काही महिन्यांनी येतात. दारं-खिडक्यांपासून लांब, उघड्यावर, वर पत्र्याचा आडोसा, एवढंच त्याचं घर.

सांभाळायला हे यंत्र अवघड नाही, फक्त विसरभोळ्या माणसाचं नाही. नव्या सेटचं ऑइल पहिल्या वीस तासांनी बदलायचं, नंतर दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी. ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून हे जास्तच जरुरीचं झालंय. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं आणि महिनोन्‌महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलच्या तळाशी पाणी बसतं. महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं चालवावा, पण भार टाकून. नुसता रिकामा फिरवला तर प्लग काळा पडतो आणि मालकाला उगाच समाधान मिळतं.

सणासुदीचा हंगाम सरला की मंडपवाले जुने सेट काढतात आणि त्यात कधी कधी चांगला माल हाताशी लागतो. बघायला जायचं तर यंत्र थंड असताना जावं. आधीच तापवून ठेवलेला सेट विक्रेत्याच्या बाजूनं बोलतो. दोरी ओढून दाब लागतो का पाहावं, ऑइलची काडी काढून नाकाशी धरावी. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटर किंवा पिस्टनची रिंग काहीतरी गळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग हजार वॉटचा हॅलोजन लावून मीटरवर व्होल्टेज बघावं, आणि शेवटी आपला स्वतःचा पंप नाहीतर कटर जोडून दाखवा म्हणावं. विकणारा ‘‘अहो, चालतो की, विश्वास ठेवा’’ म्हणू लागला, तर चहा पिऊन निघावं.