टॅबलेटसाठीं कळफलक निवडतांना

घरांत नवें यंत्र आलें म्हणजे त्याच्या वस्त्रालंकारांची चर्चा आधीं सुरू होते, हा आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील नित्याचा अनुभव आहे. टॅबलेट आला कीं त्यास आवरण हवें. आणि त्यावर कांहीं लिहावयाचें असेल तर त्या आवरणास कळफलकहि जोडलेला हवा. बाजारांत या जोडवस्तूस 'कीबोर्ड केस' म्हणतात. मिटली म्हणजे ती पुस्तकासारखी दिसते व उघडली म्हणजे लिहिण्याचें साधन होते. ती कोणत्या रंगाची घ्यावी, कातडी घ्यावी कीं कापडी, यावर घरांत दोन दोन दिवस खल चालतो. परंतु तिच्यावर लिहिणार कोण, तो कोणत्या भाषेंत लिहिणार, आणि त्याचा हात कसा आहे, हे तीन प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक सारी निवड या तीन प्रश्नांवर अवलंबून असावी, असें आमचें मत आहे. व तें सकारण मांडण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम या वस्तूची थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. टॅबलेट हा मुख्यतः बोटानें चाळण्यासाठीं निर्माण झाला. तथापि लिहिणाराची अडचण प्रारंभापासूनच ओळखली गेली होती. अ‍ॅपल कंपनीचा आयपॅड २०१० सालीं निघाला, तेव्हांच त्याच्यासाठीं कळफलक जोडलेली एक बैठकहि कंपनीनें विक्रीस आणली. २०१२ सालीं मायक्रोसॉफ्टनें सरफेस नांवाचा टॅबलेट काढला. त्याचें पातळ झांकण हाच त्याचा कळफलक होता. पुढें २०१५ सालीं आयपॅड प्रो या टॅबलेटच्या कडेस धातूचे तीन ठिपके आले, व त्यांस टेकतांच कळफलक चालूं लागला.

आज दुकानांत जो माल दिसतो त्याचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांत कळफलक आवरणांतच बसविलेला असून तो टॅबलेटशीं ब्लूटूथनें, म्हणजे तारेवांचून, संबंध ठेवतो. त्याची बॅटरी निराळी असते व ती आठवणीनें भरावी लागते. दुसऱ्या वर्गांत धातूच्या ठिपक्यांतून वीज व संदेश दोन्ही जातात. बॅटरीची काळजी नाहीं, परंतु किंमत अधिक, आणि ज्या टॅबलेटसाठीं तो केला त्याखेरीज इतरांस तो बहुधा निरुपयोगी. तिसरा मार्ग अगदीं साधा: टॅबलेटला केवळ उभें राहण्यापुरतें आवरण घ्यावें, आणि ब्लूटूथचा कळफलक स्वतंत्र घ्यावा. यांत डौल कमी, पण टॅबलेट बदलला तरी कळफलक राहतो. पहिल्या दोन वर्गांत आवरण एकाच नमुन्याच्या मापाचें असल्यामुळें यंत्र बदललें कीं तें अडगळींत जातें. म्हणून खरेदीस जातांना टॅबलेटच्या नमुन्याचें नांव व सालहि कागदावर टिपून न्यावें. नुसतें 'दहा इंची' म्हणून भागत नाहीं.

आणि हा 'दहा इंच' शब्द तरी काय सांगतो? तो पडद्याचा कर्ण सांगतो, रुंदी नव्हे. कळफलकास काम असतें तें रुंदीशीं. येथें शाळेंतील फूटपट्टी आपल्या उपयोगी पडते. पूर्ण आकाराच्या कळफलकावर शेजारशेजारच्या दोन कळांच्या मध्यबिंदूंत सुमारें १९ मिलिमीटर अंतर असतें. म्हणजे वरच्या ओळींतील क्यू या अक्षराच्या मध्यापासून पी या अक्षराच्या मध्यापर्यंत नऊ अंतरें, एकूण सुमारें १७ सेंटिमीटर, भरलीं पाहिजेत. ज्यावर तीं पंधराहून कमी भरतात, त्यावर प्रौढ माणसाचीं बोटें एकमेकांच्या वाटेंत येतात.

परंतु एवढ्यानें परीक्षा पुरी होत नाहीं. दोन्ही कडांच्या रुंद कळा धरल्या तर एका ओळीस पंधरा कळांची जागा लागते. पंधरा गुणिले एकोणीस म्हणजे २८५ मिलिमीटर, अर्थात् साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. दहाअकरा इंची टॅबलेट आडवा ठेवला तर त्याची रुंदी सुमारें पंचवीस सेंटिमीटर होते. आठ इंचीची सुमारें वीस. पहिल्यांत साडेतीन सेंटिमीटरांची तूट, दुसऱ्यांत साडेआठांची. ही तूट कोठून तरी भरून काढणें कारखानदारास भाग असतें. मधल्या अक्षरांस तो शक्य तों हात लावीत नाहीं, कारण इंग्रजी लिहिणाराचीं बोटें तेथेंच वावरतात. तो कडेच्या कळा चेंगरतो. आणि त्यांतहि उजव्या कडेच्या, जेथें इंग्रजींतील विरामचिन्हें असतात.

मराठी लिहिणाराची अडचण नेमकी येथें उद्भवते. इंग्रजी अक्षरांचा जो क्रम कळांवर छापलेला असतो तो १८७४ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलेल्या टंकयंत्रापासून थोड्याशा फेरफारानें चालत आलेला आहे. त्यांत वर्णांची शास्त्रीय संगति शोधूं जाणें व्यर्थ. देवनागरीसाठीं मात्र भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें १९८६ सालीं इन्स्क्रिप्ट नांवाची मांडणी ठरविली, आणि ज्यानें बालपणीं वर्णमाला घोकली आहे त्यास ती पाहतांच ओळखीची वाटते. स्वर डाव्या हातास, बहुतेक व्यंजनें उजव्या हातास. मधल्या ओळींत उजवीकडे प, क, त, च, ट हीं पांचहि वर्गांचीं पहिलीं अक्षरें एका रांगेंत बसलेलीं आहेत. मध्यें एक र तेवढा पाहुणा आहे. त्यांच्या वरच्या ओळींत त्याच वर्गांचीं तिसरीं अक्षरें, ब, ग, द, ज, ड, त्याच क्रमानें येतात. तेथें पाहुणा ह. शिफ्टची कळ दाबली कीं अल्पप्राणाचा महाप्राण होतो: क चा ख, ग चा घ, च चा छ. डाव्या हातास मात्रेची कळ शिफ्टसह दाबली म्हणजे पूर्ण स्वर उमटतो. आपल्या प्राचीन वैय्याकरणांनीं उच्चारस्थानांवरून लाविलेली व्यवस्था येथें बोटांखालीं आली आहे.

आतां वाचकांनीं उजव्या कडेकडे लक्ष द्यावें. इंग्रजीच्या अर्धविरामाच्या कळेवर मराठीचा च आहे. अवतरणचिन्हाच्या कळेवर ट, चौकटी कंसाच्या कळेवर ड, तिरप्या रेघेच्या कळेवर य. बरोबरच्या चिन्हाच्या कळेवर ऋकाराची खूण, आणि 'डॉक्टर', 'कॉलेज' अशा शब्दांस लागणारी चंद्रासह मात्रा उलट्या तिरप्या रेघेच्या कळेवर. इंग्रजी लिहिणारास या कळा वाक्यागणिक एखाद्या वेळीं लागतात. आपणांस त्या शब्दागणिक लागतात. च आणि य यांवांचून मराठीचें एक साधें वाक्य तरी पुरें होईल काय? म्हणून ज्या आवरणास इंग्रजी लिहिणारा 'अगदीं सोयीचें' म्हणतो, तेंच मराठी लिहिणारास दुस्सह होऊं शकतें. कांहीं फारच लहान कळफलकांवर तर यांतील एखाददुसऱ्या चिन्हास स्वतंत्र कळच नसते. 'एफएन' ही आणखी एक कळ दाबून धरून तें काढावें लागतें. तेथें मराठी अक्षर निघतें कीं नाहीं, याची खात्री पैसे देण्यापूर्वींच करून घ्यावी.

हें केवळ तर्कानें आम्ही लिहीत नाहीं. आमच्या शेजारच्या काकू आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. उजव्या हातास कंप सुटल्यामुळें लेखणी धरणें त्यांस अशक्य झालें आहे. त्यांच्या मातोश्री जात्यावर ज्या ओव्या म्हणत, त्या कोठेंहि लिहिलेल्या नाहींत. काकूंच्या स्मरणांत तेवढ्या उरल्या आहेत. त्या उतरून ठेवाव्या म्हणून परदेशांतील नातवानें आजीस आठ इंची टॅबलेट व त्याच्याच मापाची कीबोर्ड केस पाठविली. वर्णमाला मुखोद्गत असल्यानें इन्स्क्रिप्ट त्यांस पंधरवड्यांत साधली. पण महिन्याभरांत लिहिणें थांबलें. आम्हीं विचारतां त्या म्हणाल्या, "मास्तर, बाकीच्या कळा सांपडतात हो. पण ट लिहायला गेलें कीं शेजारची ओळ तोडायची कळच दाबली जाते. पहांट आली, वाट आली, कीं ओवी तिथेंच मोडते."

आम्हीं म्हटलें, "काकू, ज्यांत ट नाहीं असा दुसरा शब्द घालून पाहिलात काय?"

"आईची ओवी ती! तिच्यांत मी आपला शब्द घालूं होय?"

या उत्तरापुढें आम्हांस बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. फूटपट्टी आणून मोजलें, तों क्यूपासून पीपर्यंत अंतर चौदा सेंटिमीटर भरलें, आणि ट ची कळ इतर कळांच्या अर्धीच. दोष काकूंच्या हाताचा नव्हता, नातवाच्या प्रेमाचा तर नव्हताच. माप चुकलें होतें. पूर्ण आकाराचा एक साधा स्वतंत्र कळफलक आणविला, त्यावर देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लाविल्या, व टॅबलेट त्याच आवरणानिशीं चौरंगावर उभा केला. आतां दुपारचें जेवण आटोपलें कीं काकू तासभर लिहावयास बसतात. आजपावेतों सव्वाशें ओव्या उतरल्या आहेत, आणि प्रत्येक शब्द त्यांच्या मातोश्रींचा आहे.

चिकटपट्ट्यांविषयीं एक सूचना. त्या इन्स्क्रिप्टच्या क्रमाच्या आहेत कीं जुन्या मराठी टंकयंत्राच्या क्रमाच्या, हें पाहून घ्यावें; दोहोंत मोठें अंतर आहे. ज्यांचा जन्म कचेरींतील टंकयंत्रावर गेला त्यांच्या बोटांस जुनाच क्रम ठाऊक असतो. त्यांनीं आपल्या टॅबलेटवर तो क्रम मिळतो काय याची आधीं चौकशी करावी. न मिळाल्यास नवा शिकण्याची तयारी ठेवावी.

कोणी म्हणतील, हल्लीं रोमन अक्षरांत उच्चार लिहिला कीं यंत्र त्याची मराठी करून देतें, मग ही यातायात कशाला? ज्यांस इंग्रजीची संवय आहे त्यांस तो मार्ग खुशाल असावा. त्यांना उजव्या कडेची भीति तितकीशी नाहीं. परंतु ज्या पिढीनें 'ज्ञ' हें अक्षर ज्ञ म्हणूनच ओळखलें, तिनें तें रोमन अक्षरांत कसें फोडावें याचा विचार करीत बसणें म्हणजे आपल्याच घरांत मागील दारानें शिरणें होय. बोलून लिहविण्याचीहि सोय आहे व ती कामचलाऊ पत्रांस पुरते. पण जुने शब्द, विशेषनामें व संस्कृत वचनें यांच्या दुरुस्तीसाठीं शेवटीं कळांकडेच वळावें लागतें.

आतां राहिलेल्या परीक्षा थोडक्यांत सांगतों. दुकानांत कळफलक आपल्या टॅबलेटशीं जोडून मराठी भाषा चालू करून घ्यावी, आणि हें वाक्य लिहून पाहावें: 'कृष्णाकांठच्या वाटेवर यंदां चिंचेचीं झाडें डवरलीं.' यांत कडेच्या बहुतेक कळांची हजेरी लागते. मराठींतून इंग्रजींत व परत जाण्यासाठीं कोठें एकच कळ असते, कोठें दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. ही क्रिया म्हाताऱ्या माणसास एका हातानें साधते काय तें पाहावें. पातळ आवरणांतील कळा सुमारें एक मिलिमीटरच खालीं जातात. ज्यांच्या बोटांची संवेदना मंद झाली आहे त्यांस अक्षर उमटलें कीं नाहीं हें अशा कळांवर कळत नाहीं, म्हणून त्यांनीं खोल दाबाच्या कळा पसंत कराव्या. दृष्टि अधू असेल तर कळांमागें उजेड असलेला कळफलक घ्यावा. मांडीवर ठेवून लिहिणारानें बिजागरीचें आवरण पाहावें. मागें नुसती काडी टेकून उभें राहणारें आवरण टेबलावर शोभतें, मांडीवर कोलमडतें. आणि वजन अवश्य करावें. कित्येक कीबोर्ड केसा टॅबलेटइतक्याच जड असतात. प्रवासांत बाळगणारास, किंवा दप्तरांतून नेणाऱ्या मुलास, तें दुप्पट ओझें होतें.

यावरून निवडीचा क्रम सहज ठरतो. नित्य प्रवास करणारा, बहुतांशीं इंग्रजी लिहिणारा व टॅबलेट नुकताच घेतलेला, अशास ठिपक्यांनीं जोडणारी केस सुखाची. महाविद्यालयांतील मुलास दहाअकरा इंची टॅबलेटची ब्लूटूथ केस पुरते; मात्र तो मराठींत निबंध लिहीत असेल तर च, ट, ड, य यांच्या कळा त्यानें आधीं मोजाव्या. आणि घरांतील वडील मंडळींस आपल्या भाषेंत लिहावयाचें असेल तर त्यांच्यासाठीं पूर्ण आकाराचा स्वतंत्र कळफलक हाच आम्ही श्रेयस्कर समजतों, मग तो दिसावयास कितीहि साधा असो. वृद्ध माणूस अडचण आली तर तक्रार करीत नाहीं. तो लिहिणें थांबवितो, आणि जें लिहावयाचें राहिलें तें त्याच्याबरोबर जातें. तेव्हां आधीं हात पाहावा, मग भाषा पाहावी, त्यानंतर यंत्र. आणि रंगाची चर्चा हवी तर सर्वांच्या शेवटीं करावी.