कोळसेवाल्याच्या मुलाची तलवार

तामलवाडीसारख्या गावी व्याख्यानास जपानी चित्रकथेचा विषय घ्यावा, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. पण कामगारांची मुले आमच्या कचेरीच्या ओट्यावर बसून जिच्याविषयी तासन् तास वाद घालतात, ती कथा आहे तरी काय, हे न पाहताच तिला नावे ठेवणे आम्हांस बरे वाटले नाही.

तिचे नाव ‘किमेत्सु नो याइबा’. इंग्रजीत ‘डिमन स्लेयर’, म्हणजे दैत्यांचा वध करणारा. कोयोहारु गोतोगे या टोपणनावाच्या चित्रकाराने ती ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात फेब्रुवारी २०१६ पासून मे २०२० पर्यंत क्रमशः काढली. तिचे २३ खंड झाले. अशा चित्रकथेस जपानात ‘मांगा’ म्हणतात आणि हलत्या चित्रांच्या पटास ‘अ‍ॅनिमे’. २०१९ मध्ये ‘युफोटेबल’ या संस्थेने दूरचित्रवाणीसाठी तिचे २६ भाग केले. ऑक्टोबर २०२० मध्ये निघालेल्या चित्रपटाने तर जपानातील उत्पन्नाचे पूर्वीचे सर्व विक्रम मोडले. ‘इन्फिनिटी कॅसल’ हा पुढचा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडेही लागला.

कथा ताइशो काळातली, म्हणजे १९१२ ते १९२६ मधली. तान्जिरो हा डोंगरात कोळसा पाडून विकणाऱ्या घरचा थोरला मुलगा. एके दिवशी तो कोळसा विकून परत येतो, तो घरात प्रेते पडलेली. एक बहीण, नेझुको, तेवढी जिवंत. पण तीही दैत्य झालेली. तिला पुन्हा माणूस करावे म्हणून तो दैत्यांशी लढणाऱ्या दलात शिरतो. त्या दलास सरकारची मान्यता नाही, हे ऐकून आम्हांस आमच्या संघटनेचे पहिले दिवस आठवले!

दैत्यवधाची कथा आपणांस नवी नाही. तुळजापूरच्या देवीचा गोंधळ ऐकत आपण वाढलो. मग या कथेत वेगळे ते काय? वेगळे हे की, येथील प्रत्येक दैत्य पूर्वी माणूसच होता. अकाझा नावाच्या दैत्याचेच पाहा. लहानपणी तो चोऱ्या करी, त्या आजारी बापाच्या औषधासाठी. शिक्षा म्हणून त्याच्या हातांवर गोंदून गुन्हेगाराच्या खुणा केल्या. बापाने लाजेने गळफास घेतला. तान्जिरो दैत्याचे मुंडके उडवितो खरे, पण मरणाऱ्याविषयी त्याच्या मनात करुणा असते. गुन्हा माफ नाही. पण गुन्हेगार घडला कसा, हे विचारल्यावाचून तो पुढे जात नाही.

आम्हांस सर्वांत मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट. मुझान हा सर्व दैत्यांचा धनी. आपल्या रक्ताने तो दैत्य निर्माण करतो. परंतु दैत्यांनी एकत्र येऊ नये, एकमेकांस फाडून खावे, अशी त्यांची घडणच त्याने करून ठेवली आहे. का? तर ते एक झाले तर आपल्यावरच उलटतील, हे भय! उलट तान्जिरोच्या बाजूला एकटा कोणीच नाही. त्याची तलवार देखील लपलेल्या गावातील लोहारांनी घडविलेली असते. कामगार-चळवळीचा सारा धडा येथे आला. आम्ही तो तीस वर्षे फाटकाबाहेर उभे राहून शिकलो.

मात्र पडद्यावरचे पाहताना पडद्यामागचे विसरू नये. सेकंदभराच्या हालचालीस अनेकदा बारा निरनिराळी चित्रे लागतात, आणि ती काढणारे हात मजुरीवरचे असतात. १९६३ मध्ये ओसामु तेझुका यांनी आपली चित्रमालिका दूरचित्रवाणीस अतिशय स्वस्तात दिली. त्या स्वस्ताईचा भार या धंद्यातील चित्रकारांनी पुढे फार वर्षे वाहिला. पुढे जगप्रसिद्ध झालेले हायाओ मियाझाकी हे तरुणपणी, १९६४ मध्ये, ‘तोएई’ या चित्रपटसंस्थेतील कामगार संघटनेचे चिटणीस होते, हे आपल्या मुलांस अवश्य सांगावे.

तेव्हा मुलांच्या हातून मोबाईल हिसकावण्यापूर्वी घटकाभर त्यांच्या शेजारी बसा. मुझानला कशाचे भय वाटते, एवढे त्यांना विचारा. उत्तर त्यांना ठाऊक आहे. ते आपल्या गावालाही लागू पडते, एवढेच आपण सांगायचे आहे.