शोधयंत्रावर दिसणे आणि विश्वासास पात्र ठरणे : चेन्नईतील कीडनियंत्रण व्यवसाय

चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. पहिल्या सरींनंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यांभोवती जमते, साचलेल्या पाण्यात डासांची पैदास वाढते आणि बिळांत पाणी शिरल्याने उंदीर घरांकडे वळतात. समुद्रकिनाऱ्यावरील दमट हवेमुळे झुरळे आणि वाळवी यांचा उपद्रव तर बाराही महिने असतो. अशा वेळी बहुतेक कुटुंबे मोबाइल फोन हाती घेतात आणि जवळच्या पेस्ट कंट्रोल सेवेचा शोध घेतात. पडद्यावर नकाशा येतो आणि त्याखाली सहसा तीन नावे दिसतात. फोन बहुधा या तिघांपैकीच कोणाला तरी केला जातो.

त्यामुळे या यादीत स्थान मिळवणे हा लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने पोटापाण्याचा प्रश्न झाला आहे. मात्र कीडनियंत्रण हा केशकर्तन किंवा इस्त्री यांसारखा व्यवसाय नाही. येथे येणारा कर्मचारी विषारी रसायने घेऊन स्वयंपाकघरात आणि शयनगृहात प्रवेश करतो. म्हणूनच यादीत वरचे स्थान कोणाला आणि कशामुळे मिळते, हे व्यावसायिकाइतकेच ग्राहकानेही समजून घेणे आवश्यक आहे.

डिरेक्टरीपासून नकाशापर्यंत

एकेकाळी असा व्यावसायिक शोधण्यासाठी टेलिफोन डिरेक्टरीची पिवळी पाने, वर्तमानपत्रातील छोट्या जाहिराती किंवा शेजाऱ्यांचा सल्ला एवढीच साधने होती. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जस्टडायलने दूरध्वनीवरून माहिती देण्याची सोय केली. चेन्नईत मुख्यालय असलेल्या सुलेखानेही घरगुती सेवांची सूची लोकप्रिय केली. २०१४ मध्ये अर्बनक्लॅप या नावाने सुरू झालेली आणि २०२० पासून अर्बन कंपनी म्हणून ओळखली जाणारी कंपनी कीडनियंत्रणाची सेवाही देते.

गूगलने २००५ मध्ये नकाशासेवा सुरू केली. व्यावसायिकांनी आपली माहिती स्वतः नोंदवावी यासाठी २०१४ मध्ये गूगल माय बिझनेस ही सोय आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचे नाव गूगल बिझनेस प्रोफाइल असे झाले. ही नोंद विनामूल्य आहे. नकाशाखालील नैसर्गिक क्रमवारीत वरचे स्थान पैसे देऊन मिळत नाही, असे गूगलने स्पष्ट केले आहे. पैसे भरून दाखवलेल्या जाहिराती वेगळ्या असतात आणि त्यांवर तसा उल्लेख असतो. वरचे स्थान हमखास मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थांपासून व्यावसायिकांनी सावध राहावे, याचे हेच मुख्य कारण आहे.

क्रम ठरवणारे तीन निकष

गूगलने जाहीर केलेल्या माहितीनुसार स्थानिक निकालांचा क्रम प्रामुख्याने तीन बाबींवर ठरतो. पहिली बाब म्हणजे सुसंगतता, म्हणजेच शोधलेल्या सेवेशी व्यवसायाची नोंद किती जुळते. दुसरी अंतर, म्हणजे शोध घेणाऱ्यापासून व्यवसाय किती दूर आहे. तिसरी प्रसिद्धी, म्हणजे त्या व्यवसायाविषयी इतरत्र किती माहिती आणि ग्राहकांचे किती अभिप्राय उपलब्ध आहेत.

यांपैकी अंतर हा निकष व्यावसायिकाच्या हाती नसतो. चेन्नई महानगरपालिकेची हद्द २०११ मध्ये वाढवण्यात आली आणि तिचे क्षेत्रफळ सुमारे ४२६ चौरस किलोमीटर झाले. तांबरम आणि आवडी येथे स्वतंत्र महापालिका आहेत. तांबरमचा व्यावसायिक उत्तरेकडील माधवरमच्या रहिवाशाला पहिल्या तिघांत दिसणे अवघड असते. त्याने आपल्या परिसरातील शोधांत ठळकपणे दिसण्याचा प्रयत्न करणे अधिक व्यवहार्य ठरते.

सुसंगतता मात्र प्रयत्नसाध्य आहे. नोंदीतील मुख्य वर्ग कीडनियंत्रण सेवा हाच असावा. वाळवी, झुरळे, ढेकूण, उंदीर आणि डास यांसाठीच्या सेवांचा स्वतंत्र उल्लेख असावा. कामाच्या वेळा, सुट्ट्यांचे दिवस आणि दूरध्वनी क्रमांक अचूक असावेत. व्यवसायाचे नाव, पत्ता आणि क्रमांक हे संकेतस्थळावर, जस्टडायलवर, सुलेखावर आणि गूगलवर तंतोतंत सारखे असणे हिताचे असते. एका ठिकाणी जुना क्रमांक आणि दुसरीकडे नवा असल्यास ग्राहक गोंधळतो आणि शोधयंत्रालाही नेमकी नोंद ओळखता येत नाही.

पत्त्याचा प्रश्न

अनेक लहान व्यावसायिक राहत्या घरातून काम करतात. त्यांच्याकडे ग्राहक येत नाहीत, तेच ग्राहकांकडे जातात. अशा व्यवसायाने नकाशावर पत्ता न दाखवता केवळ सेवाक्षेत्र नमूद करावे, असा गूगलचा नियम आहे. सेवाक्षेत्रात जास्तीत जास्त २० ठिकाणे देता येतात आणि त्याची व्याप्ती मूळ ठिकाणापासून वाहनाने साधारण दोन तासांच्या अंतरापलीकडे नसावी, अशी अपेक्षा आहे. मात्र यादीत अड्यार किंवा अण्णा नगर हे नाव घातल्याने तेथे वरचे स्थान मिळेलच, असे नाही.

येथेच गैरप्रकारांचा मोह निर्माण होतो. प्रत्यक्षात नसलेल्या शाखांचे पत्ते नोंदवणे, मित्राच्या दुकानाचा पत्ता वापरणे किंवा व्यवसायाच्या नावापुढे 'चेन्नईतील सर्वोत्तम, स्वस्त' अशी विशेषणे जोडणे, हे सारे नियमबाह्य आहे. उघडकीस आल्यास नोंद निलंबित होते. सोबतचे अभिप्रायही ग्राहकांना दिसेनासे होऊ शकतात. प्रत्येक वस्तीसाठी केवळ नाव बदलून तोच मजकूर असलेली डझनभर पाने संकेतस्थळावर घालणे हेही शोधयंत्राच्या धोरणात बसत नाही. त्याऐवजी वेलाचेरीसारख्या सखल भागातील पाणी साचण्याचा प्रश्न किंवा मैलापूरच्या जुन्या घरांतील लाकडी तुळयांना लागणारी वाळवी यांविषयी केलेल्या कामाची खरी माहिती दिल्यास वाचकाला तिचा उपयोग होतो.

भाषेचे महत्त्व

चेन्नईतील ग्राहक केवळ इंग्रजीतून शोध घेत नाही. वाळवीला तमिळमध्ये करैयान, झुरळाला करप्पान, उंदराला एली, डासाला कोसू आणि ढेकणाला मूट्टैपूच्ची म्हणतात. हे शब्द तमिळ लिपीत, रोमन लिपीत किंवा थेट बोलून शोधले जातात. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून टंकलेखन करण्याची सोय तमिळ आणि मराठीसह आठ भारतीय भाषांत उपलब्ध करून दिली. त्यामुळे संकेतस्थळावरील सेवांची माहिती इंग्रजीबरोबरच सुबोध तमिळमध्ये देणे व्यवसायाच्या फायद्याचे आहे. पुणे, नाशिक किंवा नागपूर येथील व्यावसायिकांनाही मराठीच्या बाबतीत हाच धडा लागू पडतो.

अभिप्राय : मोल आणि मर्यादा

ग्राहकांचे अभिप्राय प्रसिद्धीच्या निकषात मोडतात. काम पूर्ण झाल्यावर ग्राहकाला अभिप्राय देण्याची विनंती करण्यास हरकत नाही. मात्र त्याबदल्यात सवलत किंवा भेटवस्तू देणे, अथवा केवळ समाधानी ग्राहकांनाच वेचून विनंती करणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे ऐच्छिक मानकही जारी केले.

प्रतिकूल अभिप्रायाला संयमाने उत्तर देणे उपयुक्त ठरते. फवारणीनंतर झुरळे पुन्हा दिसल्याची तक्रार असल्यास, अंड्यांतून नवी पिल्ले बाहेर पडत असल्याने दुसरी फेरी का लागते, हे तेथेच समजावून सांगता येते. असे उत्तर तक्रारदारापेक्षा पुढील शंभर वाचकांसाठी अधिक मोलाचे असते.

यादीत न दिसणारी बाब

नकाशाखाली तारे दिसतात, अंतर दिसते, वेळ दिसते. परवाना मात्र दिसत नाही. कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार व्यावसायिक कीडनियंत्रणासाठी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याचा परवाना लागतो. नियमांत कृषी पदवी किंवा रसायनशास्त्र विषयासह विज्ञान पदवी आणि मान्यताप्राप्त संस्थेतील किमान १५ दिवसांचे प्रशिक्षण, अशी पात्रता नमूद आहे. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था ही अशा संस्थांपैकी एक होय. इमारतींच्या वाळवी प्रतिबंधासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे.

या अटी केवळ कागदोपत्री नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईलगतच्या कुंद्रत्तूर येथे एका घरात उंदरांसाठी विषारी औषध ठेवण्यात आल्यानंतर दोन बालकांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या आईवडिलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. औषध ठेवण्याचे काम कीडनियंत्रण सेवेकडून करून घेण्यात आले होते. पोलिसांनी याप्रकरणी गुन्हा नोंदवला. बंद खोली, वायुवीजनाचा अभाव आणि रसायनाची मात्रा यांचे ज्ञान या व्यवसायात किती निर्णायक आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

शोधयंत्राची क्रमवारी सुसंगतता, अंतर आणि प्रसिद्धी मोजते. सुरक्षितता मोजण्याचे साधन तिच्याकडे नाही. ही उणीव प्रामाणिक व्यावसायिक स्वतः भरून काढू शकतो. परवाना क्रमांक आणि त्याची मुदत, प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची माहिती, वापरल्या जाणाऱ्या औषधांची नावे, फवारणीनंतर किती वेळ घराबाहेर राहावे याच्या सूचना आणि मुले, वृद्ध व पाळीव प्राणी यांच्याबाबत घ्यायची काळजी, हे सारे संकेतस्थळावर आणि नोंदीतील वर्णनात देता येते. ग्राहकाच्या मनातील प्रश्नांची उत्तरे आधीच मिळाल्याने विश्वास वाढतो, आणि समाधानी ग्राहकांचे खरे अभिप्राय पुढील क्रमवारीला बळ देतात.

ग्राहकांनीही पहिल्या नावावर थांबू नये. काम ठरवण्यापूर्वी परवान्याची प्रत मागावी, औषधाचे नाव लिहून घ्यावे आणि घरात लहान मुले असल्यास तसे आधी सांगावे. परवाना दाखवण्यास टाळाटाळ करणाऱ्याला, यादीत तो कितीही वर असला तरी, घरात प्रवेश देऊ नये.