हात सोडायचा नाही

नागपंचमीला अक्का उत्रोलीला आली तेव्हा पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. भोरकडून येणारा रस्ता धुऊन निघाल्यासारखा दिसत होता आणि खाचरांतली भाताची लावण नुकतीच उरकली होती. अक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. लग्नाला पन्नास वर्षे झाली, पण पंचमीला माहेरी यायचा तिचा नेम सहसा चुकलेला नाही. या खेपेला तिच्याबरोबर पुण्याची दोन नातवंडे होती. नातू तेरा वर्षांचा, नात अकराची. दोघांचीही तोंडे फुगलेली.

कारण विचारले तर हळूहळू उलगडा झाला. दोघेही चाकांचे स्केटिंग शिकतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्केटवर जोडीचे नृत्य बसवायचे ठरले आणि दोघांचा ताल चांगला जुळतो म्हणून निवड यांचीच झाली. इथवर सारे ठीक. गाणे मात्र निघाले सिनेमातले प्रेमगीत! वर्गातली मुले चिडवू लागली. शेजारच्या एका काकूंनीही विचारले, "भावाबहिणीने कसला गं जोडीचा नाच?" झाले. नातवाने जाहीर केले, "मी नाही करणार. हिच्याकडे बघून तसं हसायचं? शी!"

नात मात्र चिवट आहे. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि मोबाइल पुढे करून म्हणाली, "मामाआजोबा, हे बघा. हे दोघं पण भाऊ-बहीणच आहेत."

मी चष्मा पुसला आणि पाहू लागलो. पांढऱ्याशुभ्र बर्फावर एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांची पावले एकाच वेळी वळत होती, एकाच वेळी थांबत होती. त्यात ना लाडिक कटाक्ष होते ना उसासे. पण डोळे हलवावेसे वाटेनात. ती जोडी होती अमेरिकेच्या माया आणि अ‍ॅलेक्स शिबुतानी यांची. पुढचे काही दिवस मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत राहिलो. निवृत्त माणसाला तेवढी चैन परवडते.

बर्फावरच्या जोडीच्या नृत्याचा, म्हणजे आइस डान्सचा, उगम पाश्चात्त्यांच्या दिवाणखान्यातल्या नाचात आहे. वॉल्ट्झ, टँगो हे जमिनीवरचे प्रकार बर्फावर गेले. 1976 साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याला पहिल्यांदा स्थान मिळाले. इथे जोडीदाराला हवेत भिरकावणे नाही, डोक्यावर उचलून मिरवणे नाही. एकमेकांपासून फार दूर जायचे नाही. सारी कसोटी पावलांची, तालाची आणि दोघांमधल्या जवळिकीची. आता एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यातली जवळीक म्हटली की ती प्रेमिकांचीच, हे जगाने गृहीत धरलेले. त्यामुळे बहुतेक नृत्यांत तो तिला आळवतो, ती रुसते, मग मीलन. 1984 मध्ये सारायेव्होला ब्रिटनच्या जेन टॉरव्हिल आणि ख्रिस्तोफर डीन यांनी 'बोलेरो'वर नृत्य करून सुवर्णपदक जिंकले, तेव्हा जग वेडे झाले होते. त्यानंतर लोक वर्षानुवर्षे विचारत राहिले, हे दोघे एकमेकांवर खरोखर प्रेम करतात का?

अशा खेळात सख्ख्या भावाबहिणीने करायचे काय?

शिबुतानींची गोष्ट सुरू होते 2003 साली. वॉशिंग्टनला जागतिक स्पर्धा पाहायला हे कुटुंब गेले होते. जागा बर्फाच्या अगदी जवळ मिळाली. नर्तक समोरून सपकन गेले की त्यांच्या वेगाचा वारा अंगावर यायचा. माया तेव्हा आठ वर्षांची होती, अ‍ॅलेक्स जवळपास बारा. आपणही हेच करायचे, असे ठरले. पुढे 2011 मध्ये वरिष्ठ गटातल्या पहिल्याच वर्षी त्यांनी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. माया सोळा वर्षांची होती. आता वाट मोकळी, असे कुणालाही वाटले असते. पण लहान मुलांचे कौतुक वेगळे आणि मोठ्यांची स्पर्धा वेगळी. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये ते नववे आले. भाऊ-बहीण म्हणून आणि आशियाई चेहऱ्याचे म्हणून, दोन्ही अंगांनी ते ठरलेल्या चित्राबाहेरचे होते.

वळण आले ते 2015-16 च्या हंगामात. त्यांनी 'कोल्डप्ले' या वाद्यवृंदाचे 'फिक्स यू' हे गाणे घेतले. कोलमडलेल्या माणसाला दुसऱ्याने सावरावे, असा त्याचा भाव आहे. प्रियकराचा आव आणायची गरज नाही. भाऊ बहिणीला सावरतो, बहीण भावाला, आणि हे तर दोघे लहानपणापासून करत आलेले! त्याच मोसमात ते प्रथमच अमेरिकेचे विजेते ठरले आणि बोस्टनच्या जागतिक स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. 2018 मध्ये दक्षिण कोरियातल्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकले. दोघेही आशियाई वंशाचे असलेली, आइस डान्सचे ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली जोडी.

त्यांच्याआधी ही वाट फ्रान्सच्या एका जोडीने तुडवली होती. इझाबेल आणि पॉल दुशेने. आई फ्रेंच, वडील कॅनडाचे. आधी ते कॅनडाकडून उतरत. तिथे त्यांच्या तऱ्हेवाईक शैलीचे चीज होईना, तेव्हा आईच्या देशाकडून खेळू लागले. टॉरव्हिलचा जोडीदार डीन त्यांची नृत्ये बसवू लागला. 1988 च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ढोलांच्या तालावर रानटी वाटावे असे नृत्य केले. प्रेक्षक उठून उभे राहिले, पण गुणतक्त्यात ते आठवे. डगमगले नाहीत. 1990 मध्ये त्यांनी नृत्याला विषय घेतला तो लॅटिन अमेरिकेतल्या हुकूमशाहीत नाहीशा झालेल्या माणसांचा! बर्फावर प्रेमाचे गुलाबी रंग पाहायला आलेल्यांसमोर या भावंडांनी दुःख आणि भीती मांडली. 1991 मध्ये ते जगज्जेते झाले.

पुढच्या वर्षी आल्बरव्हिलचे ऑलिंपिक त्यांच्याच देशात होते. तिथे त्यांना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. गंमत अशी, की त्या वेळी सुवर्ण मिळवणारी क्लिमोवा-पोनोमारेन्को आणि कांस्य मिळवणारी उसोवा-झुलिन या दोन्ही जोड्या पती-पत्नींच्या होत्या. मधल्या पायरीवर उभे होते भाऊ-बहीण. त्या पायरीवर प्रेमाचे सोंग न घेता पोहोचता येते, हे त्यांनी दाखवून दिले. स्कॉटलंडच्या सिनेड आणि जॉन केर या भावंडांनी तर पुढे आणखी मजा केली. पुरुषाने स्त्रीला उचलायचे हा शिरस्ता. इथे बहिणीने भावालाच उचलले! 2009 आणि 2011 मध्ये त्यांना युरोपीय स्पर्धेची कांस्यपदके मिळाली.

हे वाचताना मला आपल्या रंगभूमीची आठवण झाली. ज्या काळी रुक्मिणीही पुरुष आणि श्रीकृष्णही पुरुष होता, त्या काळच्या प्रेक्षकांनी बालगंधर्वांना डोक्यावर घेतले. त्या जोडीत खरे नाते काय, हे कुणी विचारत बसले नाही. त्याच परंपरेत पुढे ताराबाई माने यांची मुले आली. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर हे सख्खे भाऊ-बहीण घरच्या नाटक मंडळीत रंगमंचावर उभे राहिले. नाटकात काम करणाऱ्या स्त्रीकडे समाज वाकड्या नजरेने पाहत असे, तो काळ. हिराबाईंनी आपल्या शालीन वागण्याने आणि गाण्याने ती नजर सरळ केली. 1970 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. भाऊ आणि बहीण एकाच किराणा घराण्याचे, पण दोघांच्या गाण्याचा पोत निराळा. एकमेकांच्या सोबतीने वाढावे आणि तरी आपापले राहावे, हे भावंडांनाच साधते.

खरे तर भाऊ-बहीण या नात्याचे आपण फार कौतुक करतो. पण ते कधी? राखीपौर्णिमेला आणि भाऊबीजेला. एरवी वयात आल्यावर भाऊ आणि बहीण एकत्र करतात तरी काय? मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. कर्जाच्या कागदांबरोबर सातबारे पाहिले आणि हक्कसोडपत्रेही पुष्कळ पाहिली. ओवाळणीचे तबक आणि हक्कसोडाचा कागद, एवढ्या दोनच जागी या नात्याची गाठ पडते की काय, असे वाटू लागावे इतकी. 2005 साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क देणारा कायदा आला. आमच्या घरातला कागद त्याच्या आधीचा. अक्काने सही केली, चहा घेतला आणि संध्याकाळच्या एसटीने सासरी गेली. मी तिला थांब्यापर्यंत पोचवायला गेलो होतो. दोघे काहीच बोललो नाही.

पण मला सांगायचे आहे ते त्याच्याही आधीचे.

मोबाइलवर ते दोघे एकमेकांचे हात धरून, अंग मागे झोकून गरगर फिरले, तेव्हा मी एकदम म्हणालो, "अगं, ही तर फुगडी!"

1968 ची पंचमी असावी. मी दहा वर्षांचा, अक्का तेरा. अक्का गावात फुगडीसाठी नावाजलेली. बरोबरीच्या मुली तिच्या वेगाला टिकत नसत, म्हणून सराव माझ्याबरोबर चालायचा. सारवलेल्या अंगणात चवडे जुळवायचे, हातांची अढी घालायची आणि अंग मागे टाकायचे. अक्काचा धडा एकच होता. "भिऊन पुढं वाकलास तर पडशील. सगळा भार माझ्यावर टाक. मी माझा तुझ्यावर टाकते. फक्त हात सोडायचा नाही." त्या वर्षी पंचमीच्या फेरात, साऱ्या बायकांसमोर आम्ही दोघांनी फुगडी घातली. अंगण, दिवे, माणसे सगळ्यांची एक रेघ झाली होती आणि त्या रेघेत फक्त अक्काचा चेहरा स्थिर होता. तसा वेग मी पुन्हा कधी अनुभवला नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवर मोठ्या पोरांनी मला गाठले. "बायल्या, फुगडी घाल की!" आठवडाभर ते चालले. पुढच्या पंचमीला अक्काने फेरातून माझ्याकडे पाहून दोन्ही हात पुढे केले. मी माझे हात चड्डीच्या खिशात घातले. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग हसून दुसऱ्या मुलीकडे वळली. तिने मला पुन्हा कधी बोलावले नाही. मी माफी मागितली नाही. मागण्यासारखे काही घडले आहे, हेच मुळी मला कळायला बरीच वर्षे जावी लागली.

कळले ते वारीत. नोकरीत असताना एका वर्षी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर सासवडपासून नीरेपर्यंत चाललो. विसाव्याच्या जागी मिशाळ, धोतर नेसलेले म्हातारे वारकरी एकमेकांचे हात धरून फुगडी घालत होते. बायका पुरुषांबरोबर, सुना सासऱ्यांच्या वयाच्या माणसांबरोबर. कुणी कुणाला बायल्या म्हणत नव्हते. फुगडी बायकी नव्हती आणि लाजिरवाणीही नव्हती. नदीवरच्या चार पोरांचे मत मी जगाचे मत समजलो होतो, एवढेच.

हे सारे मी त्या संध्याकाळी मुलांना सांगितले. अक्का सुपात तांदूळ निवडत ऐकत होती. माझे सांगून झाल्यावर म्हणाली, "मला वाटलं, तू विसरलास."

"नाही विसरलो."

"मला राग नव्हता रे आला. पण त्यानंतर तेवढ्या जोरात फिरायला कुणी मिळालं नाही." एवढे बोलून ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

थोड्या वेळाने तीच सूप बाजूला ठेवून उठली. अंगणात आता फरशी आहे. दोन्ही नातवंडांना तिने समोरासमोर उभे केले, चवडे जुळवून दिले, हातांची अढी घालून दिली. नातू कुरकुरत होता. पहिल्या दोन खेपांना दोघे एकमेकांवर आदळले. "पुढं वाकू नका. भार टाका, भार!" अक्का ओरडत होती. तिसऱ्या खेपेला जमले. मुलीची वेणी आडवी झाली, मुलगा खदखदून हसू लागला. ते हसू कुणी बसवून दिलेले नव्हते.

"हे स्केटवर करता येईल," थांबल्यावर धापा टाकत तो म्हणाला. "चाकांवर आणखी वेग मिळेल. गाणं बदलून मागू या." मग दोघे ओसरीवर वही घेऊन बसले. भांडत बसले, हेही सांगायला हवे. सुरुवात कुणी करायची यावरून.

शाळेने गाणे बदलून दिले की नाही, ते अजून कळायचे आहे. माया शिबुतानीची गोष्टही 2018 ला संपत नाही. 2019 मध्ये तिच्या मूत्रपिंडावर गाठ निघाली, डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. त्यातून ती उठली आणि मे 2025 मध्ये या भावंडांनी पुन्हा स्पर्धेत उतरत असल्याचे जाहीर केले. सात वर्षांनी. जोडीदार बदलायचा प्रश्नच नव्हता.

रात्री जेवणे झाल्यावर मुले झोपली. मी अंगणात उभा होतो. माझा उजवा गुडघा दुखरा आहे, अक्काला रक्तदाबाची गोळी आहे. तरी ती दारात आल्यावर मी दोन्ही हात पुढे केले. तिने आधी इकडेतिकडे पाहिले, मग पदर खोचला.

चार गिरक्या झाल्या. सावकाश, म्हाताऱ्यांच्या. पाचवीला गुडघ्याने नकार दिला आणि आम्ही ओट्यावर टेकलो. अक्का दम खात म्हणाली, "अजून पुढं वाकतोसच."

पुढच्या पंचमीला बघू.