एका कानाने दोन वाहिन्या ऐकताना

नवी मुंबईत करावे गावाजवळच्या टी. एस. चाणक्य पाणथळीत हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. समजा, दोन मायक्रोफोन लावून त्यांचा कलकलाट स्टिरिओत मुद्रित करायचा आहे, आणि ध्वनिमुद्रकाला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. हेडफोनमधून त्याला फक्त उजवी वाहिनी कळेल. डाव्या मायक्रोफोनची तार सुटली किंवा त्यात वाऱ्याची घरघर शिरली, तरी त्याला पत्ता लागणार नाही. मग त्याने हे काम करूच नये का?

आधी दोन कानांनी नेमके काय साधते ते पाहू. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला सुमारे ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. शिवाय डोक्याची ‘सावली’ पडून उच्च कंपनसंख्येचे ध्वनी तिथे क्षीण होतात. या दोन फरकांवरून आपण दिशा ठरवतो, ही मांडणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केली. म्हणजे एका कानाच्या माणसाचे नुकसान मुख्यतः दिशेचे, आणि काही अंशी गलक्यातून एकच आवाज वेचण्याचे. पट्टी, पोत, खरखर, घुमारा हे सारे एका निरोगी कानाला कळते. ‘बीच बॉईज’ या अमेरिकन वाद्यवृंदाचा ब्रायन विल्सन उजव्या कानाने जवळजवळ बहिरा होता. १९६६ मधली त्याची ‘पेट साउंड्स’ ही ध्वनिमुद्रिका मोनोतच निघाली.

यावर पहिला उपाय म्हणजे रेकॉर्डरच्या हेडफोनसाठी ‘मोनो’ निवडणे. मुद्रण स्टिरिओच होते, कानाला मात्र दोन्ही वाहिन्यांची बेरीज मिळते. (मोबाइलच्या ‘सुलभता’ विभागात अशी सोय असते. जुने स्टिरिओ गाणे एकच इअरफोन लावून आधी तसेच आणि मग मोनोत ऐकवा. गायब झालेले वाद्य परत आलेले विद्यार्थ्यांना लगेच कळेल.) सोय नसेल तर हेडफोनच्या दोन तारा सरळ एकत्र पिळू नयेत. दोन्ही ॲम्प्लिफायर एकमेकांवर भार टाकतात. प्रत्येक वाहिनीत रोध घालूनच जोडावे.

पण बेरजेत दोन चोर लपतात. एक वाहिनी पूर्ण बंद पडली तरी दुसरीचा आवाज येतच राहतो. दुसरा चोर अधिक गमतीचा. दोन मायक्रोफोनमध्ये १७ सेंटीमीटर अंतर असेल, तर अगदी बाजूने येणारा आवाज लांबच्या मायक्रोफोनला अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. १००० हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन १ मिलिसेकंदाचे. म्हणजे दुसरी लहर बरोबर अर्धे आवर्तन मागे, पहिलीच्या उलट. बेरीज शून्याजवळ! ३००० आणि ५००० हर्ट्झलाही तेच, २००० ला मात्र दुप्पट. आवाज पोकळ वाटतो, पण ही पोकळी कोणत्याही एका वाहिनीत नसते, बेरजेत तयार होते.

म्हणून नुसत्या बेरजेवर विसंबून चालत नाही. सुरुवातीला आणि मग अधूनमधून फक्त डावी वाहिनी, फक्त उजवी वाहिनी आणि शेवटी बेरीज, असे तिन्ही त्याच चांगल्या कानाने ऐकावे. दिशेची पारख डोळ्यांवर सोपवावी. दोन मीटरच्या पट्ट्या कशा हलतात ते पाहावे. टाळी वाजवत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालत जाणारा सहकारी मिळाला तर फारच उत्तम.

एका बाबतीत तर हा ध्वनिमुद्रक इतरांच्या पुढेच असतो. एका केबलमधल्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या, तर समोरच्या वक्त्याचा आवाज दोन वाहिन्यांत परस्परविरुद्ध येतो. दोन कानांनी ऐकणाऱ्याला तो थोडा विचित्र, पसरट वाटतो, आणि घाईत दुर्लक्षही होते. बेरीज ऐकणाऱ्याला मात्र वक्ता जवळजवळ नाहीसा झालेला दिसतो. एकाच स्पीकरच्या मोबाइलवर किंवा सभेतल्या कर्ण्यावर श्रोत्यांनाही तसेच ऐकू आले असते.

राहिला प्रश्न आवाजाच्या पातळीचा. आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका कानाला तोच ध्वनी किंचित हलका भासतो, म्हणून बटण वर सरकवण्याचा मोह होतो. ८५ डेसिबल ८ तास ही सुरक्षित मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २. बाहेरचा गोंगाट अडवणारे बंद हेडफोन वापरले तर पातळी कमी ठेवता येते. फक्त रस्त्यालगत किंवा रुळांजवळ काम असेल, तेव्हा सोबतीला कोणीतरी हवे. हेडफोनने एकुलता कान झाकलेला असतो.